धीर आणि धिरा

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या राजाचं नाव लोक विसरले, नगराचंही विसरले, तेव्हा मीही उगीच एखादं नाव ठोकून देत नाही. ते नगर आटपाट होतं की नाही, ठाऊक नाही. तहानलेलं होतं, एवढं मात्र नक्की.

नगरातल्या विहिरींचे तळ दिसू लागले होते. दोन कोसांवर एक डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात बारमाही झरा होता. राजाने हुकूम दिला, जमिनीखालून भुयार खणा आणि झऱ्याचं पाणी नगरात आणा. अशा भुयाराला नहर म्हणतात. हुकूम द्यायला काय लागतं? खणायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं ज्यांची जातात ती माणसं वेगळी असतात.

भुयारात माणसाला हवा हवी आणि मातीला वर यायला वाट हवी. म्हणून दर शंभर पावलांवर वरून एक उभं, अरुंद भोक खाली नेलं होतं. तिथले लोक त्याला उसासा म्हणायचे. उसाशाच्या तोंडावर रहाट असायचा. रहाटाच्या जाड दोरावरून खणणारा खाली जायचा आणि मातीच्या पाट्या वर यायच्या. खणणाऱ्याच्या कमरेला आणखी एक बारीक दोरी बांधलेली असायची, तिचं दुसरं टोक रहाटावरच्या बाईच्या मनगटाला. वरून दोन हिसके दिले, तर त्याचा अर्थ ‘बरा आहेस ना?’ खालून दोन आले, तर ‘बरा आहे.’ तीन हिसके म्हणजे ‘वर ये’ किंवा ‘वर घे’, जो देईल त्याच्या बाजूने.

सातव्या उसाशाच्या रहाटावर ठकूबाई आणि तिची एक जोडीदारीण असायची. ठकूबाईचा नवरा हैबती याच उसाशाखाली गेला. त्या दिवशी लाकडाची गाडी यायला उशीर झाला होता. मुकादम म्हणाला, अर्धा दिवस असंच खण, दुपारी टेकू देऊ. छताला आडवी फळी लावायची आणि दोन बाजूंनी दोन टेकू ठोकायचे, अशी तिथली रीत. त्या टेकूला ते धिरा म्हणत. दुपार व्हायच्या आत छत खाली आलं. गाडी आली तेव्हा हैबतीला बाहेर काढायचं काम चाललं होतं.

आता या लोकांची एक चाल होती, ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. सकाळी खाली उतरण्याआधी खणणारा त्या उसाशावर गेलेल्याचं नाव घ्यायचा, आणि तो कशाने गेला ते सांगायचा. सातव्यावर म्हणायचे, “हैबती. धिरा नव्हता.” मग रहाटावरच्या बाईने लाकडाचा ढीग डोळ्यांनी बघायचा आणि उत्तर द्यायचं, “धिरा आहे.” हे उत्तर आल्याशिवाय दोराला कोणी हात लावायचा नाही. लाकूड नसेल तर उत्तर नाही. उत्तर नाही तर काम नाही. मुकादम चडफडायचा, पण चालीपुढे त्याचंही काही चालायचं नाही.

जो मेला नाही, नुसता मोडला, त्याचंही नाव घ्यायचे. पाचव्या उसाशावर शिदूचा पाय गेला होता. ओल्या लाकडाचा धिरा मोडला आणि पाय खाली सापडला. तेव्हापासून शिदू कुबडी घेऊन वर बसायचा, धिरे तासायचा आणि लाकूड वाजवून बघायचा. पाचव्यावर रोज कोणीतरी म्हणायचं, “शिदू. लाकूड कच्चं होतं.” मग शिदू स्वतःच ओरडून उत्तर द्यायचा, “लाकूड वाळलेलं आहे, उतर मेल्या.” आपलं नाव रोज सकाळी ऐकायला मिळणारा तो एकटाच, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

असं चाललं होतं. मग राजाने कामावर नवा कारभारी पाठवला.

कारभारी वाईट माणूस नव्हता बरं का. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती आणि मीही लवकर घरी गेलो असतो. तो हळवा होता. पहिल्याच सकाळी त्याने ते “धिरा नव्हता” ऐकलं आणि त्याला ते खुपलं. ज्यांनी नगरासाठी जीव दिला त्यांची आठवण अशी करायची? नाव घेतलं की पाठोपाठ उणं काढायचं? आणि राजाच्या कानावर गेलं तर त्याला ते गाऱ्हाणंच वाटणार. त्याने सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, की या माणसांचा मान राखायचा तर नीट राखू.

त्याने काळ्या दगडाचा खांब उभारला. पुरुषभर उंच, असा गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. त्यावर अकरा नावं कोरली. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, कारभाऱ्याने स्वतः तिचा हात धरून हैबतीच्या नावावरून फिरवला. तिला साडीचोळी दिली. ठकूबाई रडली, आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. आयुष्यभर माती उपसलेल्या माणसाचं नाव दगडावर येतं, हे काही थोडं नाही.

शिदूचं नाव खांबावर नव्हतं. खांब फक्त गेलेल्यांचा. शिदू खांबाच्या पायरीवर बसून म्हणाला, मेलो असतो तर वर बसलो असतो, पायच गेला म्हणून खाली बसलो. लोक हसले. पण शिदूची नजर दुसरीकडेच होती. अकरा नावांच्या खाली दगड कोरा होता, आणि त्या कोऱ्या दगडावर पाथरवटाने सुताने रेघा आखून ठेवल्या होत्या. शिदूने मोजल्या. नऊ होत्या.

त्याने पाथरवटाला विचारलं, या कशासाठी? पाथरवट म्हणाला, मला जागा ठेवायला सांगितली, मी ठेवली.

ही गोष्ट उसाशा उसाशावर पोचली. तेव्हापासून कामावर येताना प्रत्येकाची नजर त्या नऊ रेघांकडे जायची. एकाने बायकोला विचारलं, माझं नाव तेवढ्या रुंदीत मावेल का गं? ती दिवसभर जेवली नाही.

खांबाबरोबर चालही बदलली. कारभाऱ्याने नवे शब्द ठरवून दिले. उतरताना म्हणायचं, “हैबती.” आणि वरून म्हणायचं, “अमर आहे.” बोलायला छान होतं, तोंड भरायचं. पहिले काही दिवस ठकूबाईच्या ओठांवर जुनंच यायचं. मग सवय झाली. जिभेला काय, वळवाल तशी वळते.

फरक एकच पडला. “अमर आहे” म्हणायला लाकडाच्या ढिगाकडे बघावं लागत नाही.

लाकूड कमी येऊ लागलं. आधी खांबाभोवतीच्या कठड्याला गेलं, मग पायऱ्यांवरच्या छपराला. शिदूने कारभाऱ्याला दोनदा गाठलं. दोन्ही वेळा कारभाऱ्याने त्याला पाट दिला, पाणी दिलं, आणि सांगितलं की जंगल लांब आहे, लाकूड येईल, थोडा धीर धरा. शिदू परत येऊन म्हणाला, मी धिरा मागायला गेलो आणि धीर घेऊन आलो.

हैबतीच्या जागेवर आता त्याचा मुलगा खणत होता. मालू त्याचं नाव. पंचवीस वर्षांचा, लग्न झालेला, बायकोला सातवा महिना. बापाच्या हाताची पहार होती त्याच्याकडे. बाप जिथे गेला तिथून तो तीस पावलं पुढे पोचला होता, आणि तिथली माती काही बरी नव्हती. पहार मारली की थांबल्यावरही वरून भुरभुर पडत राहायची. मालूने घरी हे सांगितलं नाही. पण ठकूबाईला पाट्यांमधली माती दिसत होती. ओली, रेताड, मुठीत न थांबणारी. अशीच माती तिने पूर्वी एकदा बघितली होती.

तिला भीती वाटायची. भाकरी करताना वाटायची, सुनेच्या केसांना तेल लावताना वाटायची. दिवसातून वीस वेळा ती दोरीला दोन हिसके द्यायची, आणि खालून दोन येईपर्यंत श्वास धरायची. मालू कंटाळून वर ओरडायचा, “आई, खणू देशील की नाही?”

पुढे खांबाला वर्ष झालं. त्या दिवशी मोठा सोहळा करायचं कारभाऱ्याने ठरवलं. राजा येणार होता. राजाला बसायला खांबासमोर मांडव घातला. त्याला चोवीस खांब लागले, सागाचे, उन्हात वर्षभर वाळलेले. हे लाकूड कुठून आलं ते सांगायला नकोच. सातव्या उसाशाजवळचा ढीग आदल्या दिवशी गाडीत भरून नेला. न्यायला आलेले गडी ठकूबाईला म्हणाले, मावशी, तुमच्याच मालकाच्या सोहळ्यासाठी नेतोय. ती काय बोलणार? तिने बाजूला होऊन वाट दिली.

कारभाऱ्याची आणखी एक हौस होती. सातवा आणि आठवा उसासा खालून एकमेकांना मिळायला दहा हात उरले होते. राजा येईल त्या दिवशीच ते मिळाले तर किती शोभेल! म्हणून सगळ्यांना सुट्टी दिली आणि सातव्यावर तेवढं काम चालू ठेवलं.

सकाळी मालूने कमरेला दोरी बांधली. मांडवाकडून सनईचा आवाज येत होता. तो उसाशाच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, “हैबती.”

“अमर आहे,” ठकूबाई म्हणाली.

मालू उतरला. रहाट फिरला, दोर सैल झाला, तो खाली टेकला. आणि तेव्हा ठकूबाईची नजर लाकडाच्या जागेकडे गेली. तिथे सालपटं पडली होती, बाकी काही नाही.

आपण काय बोललो? हेच जुन्या शब्दांत असतं तर जीभ रेटली असती का? “धिरा आहे” म्हणाली असती का ती, या मोकळ्या जमिनीकडे बघून? नवऱ्याचं नाव घेऊन तिने मुलाला त्याच भोकात सोडलं होतं. तिने दोन हिसके दिले. खालून दोन आले. तीन द्यावेत, वर बोलवावा, असं मनात आलं. मग वाटलं, राजा आलाय, दहाच हात राहिलेत, पोराला मुकादमाची बोलणी खावी लागतील. लोक काय म्हणतील, म्हातारी भ्यायली. या विचारात किती वेळ गेला? चार पाट्या वर येण्याइतका. शेवटी तिने मनगट उचललं आणि एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला दोरी हललीच नाही. घट्ट झाली होती. खालून आवाज आला तो मोठा नव्हता. कोणीतरी पोतं खाली टाकावं एवढाच.

उसाशातून धुरळा वर आला.

तिने हाक मारली. पुन्हा मारली. जोडीदारणीच्या मनगटाला दोरी बांधली आणि ती सुटली. वाटेत शिदू भेटला, त्याने धुरळा बघितलाच होता. ती म्हणाली, माणसं बोलाव, खणू. शिदू म्हणाला, “वहिनी, धिऱ्याशिवाय माती काढली तर जेवढी काढू त्याच्या दुप्पट येईल. तो पलीकडे जिवंत असला तरी आपणच त्याला मारू. आधी लाकूड.”

लाकूड कुठे होतं हे दोघांनाही माहीत होतं.

मांडवात राजा गादीवर बसला होता. कारभारी एकेक नाव वाचत होता आणि जमलेले लोक एका सुरात उत्तर देत होते. ठकूबाई आत शिरली तेव्हा योगायोगाने हैबतीचंच नाव चाललं होतं. लोक म्हणाले, “अमर आहे.”

“धिरा नाही,” ठकूबाई म्हणाली.

सगळे वळले. ती मातीने भरली होती, पदर कुठच्या कुठे. कारभाऱ्याला वाटलं, नवऱ्याचं नाव ऐकून बाईला भरून आलं. तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि मायेने म्हणाला, “बाई, धीर धरा.”

“धीर आहे. धीर मी इतकी वर्षं धरलाय. धिरा नाही. माझा मालू खाली आहे आणि त्याचे धिरे तुमच्या मांडवाला लागलेत.”

कोणी काही बोलायच्या आत ठक् असा आवाज झाला. शिदूने कुबडी टाकली होती आणि बसल्या जागेवरून मांडवाच्या पहिल्या खांबाची पाचर काढली होती. दुसरी काढायला तो सरकत निघाला. वरचं कापड राजाच्या डोक्यावर आलं. राजाने विचारलं, हे काय चाललंय? शिदू म्हणाला, “आधी बाजूला व्हा महाराज, मग सांगतो.” राजाला असं कोणी आजवर सांगितलं नव्हतं. पण तो झाला बाजूला, आणि त्याचं हे एक शहाणपण मी नेहमी आवर्जून सांगतो.

मग खणणारे उठले. ज्यांच्या तोंडात आत्ता “अमर आहे” होतं त्यांचेच हात मांडवाला लागले. चोवीस खांब काढायला त्यांना चूल पेटवण्याइतकाही वेळ लागला नाही.

शिदू म्हणाला, आठव्याकडून पहार मारली तर उरलेलं छतही त्याच्यावर येईल, सातव्यातूनच जायचं आणि धिरे मीच ठोकणार. पाय गेल्यापासून तो खाली उतरला नव्हता. त्याला दोराला बांधून सोडला. दोन हात माती काढायची, फळी लावायची, दोन धिरे ठोकायचे, मग पुढचे दोन हात. घाई करायची नाही. घाई करायची नाही, हेच सगळ्यात अवघड होतं. वर ठकूबाईने दोरी पुन्हा स्वतःच्या मनगटाला बांधली. दोरी मातीत गाडलेली होती, ती काय कळवणार? तरी ती तिच्याकडेच बघत राहिली. सून येऊन शेजारी बसली. कोणी कोणाला समजावलं नाही. राजा उन्हात उभा होता. कारभारी त्याच्यामागे उभा होता आणि त्याला बसावंसं वाटत असूनही बसवत नव्हतं, कारण बसायला फक्त खांबाची पायरी होती, आणि समोर नऊ रेघा.

सहा धिरे लागले. आठ लागले. बारा झाले. ऊन कलायला लागलं. सोळाव्याला खालून शिदूने आणखी मागितले. आणि अठरावा ठोकत असताना ठकूबाईच्या मनगटाला काहीतरी जाणवलं. तिला वाटलं, आपलाच हात थरथरतोय. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं.

एक हिसका. बऱ्याच वेळाने दुसरा.

“बरा आहे,” ती म्हणाली, आणि दोरी सुनेच्या हातात दिली.

मालू वर आला. पलीकडच्या पोकळीत तो अडकला होता. जिवंत आला, पण उजवा हात दगडाखाली सापडला होता. तो हात पुढे कोपरापासून काढावा लागला. गोष्ट सांगणाऱ्याला हात परत जोडता आला असता तर मी जोडला असता. तो नाही जोडता येत.

राजाने ठकूबाईला विचारलं, बाई, तुला काय हवं? ती म्हणाली, साडी नको, मान नको, आमची चाल आम्हाला परत द्या. राजाने शिदूला विचारलं. शिदू म्हणाला, त्या नऊ रेघा बुजवा, आम्हाला रोज सकाळी दिसतात.

राजाने पाथरवटाला बोलावलं. खांबावर फक्त नावं आहेत, प्रत्येक जण कशाने गेला तेही लिही, असं सांगितलं. जे गेले नाहीत, मोडले, त्यांचंही लिही. पाथरवट लिहीत गेला. धिरा नव्हता. लाकूड कच्चं होतं. दोर जुना होता. घाई केली. नऊच्या नऊ रेघा कारणांनी भरून गेल्या आणि नव्या नावाला खांबावर जागाच उरली नाही.

कारभाऱ्याला राजाने हाकललं नाही. त्याला एक काम दिलं. रोज सकाळी सातव्या उसाशावर उभं राहायचं आणि उत्तर आपण द्यायचं.

पहिल्या सकाळी एक खणणारा काठावर उभा राहिला आणि म्हणाला, “हैबती. धिरा नव्हता. मालू. धिरा नव्हता.” लाकडाचा ढीग समोर होता, नवा, उंच. तरी तेवढ्यावर कारभाऱ्याचं भागेना. मग त्याने अंगरखा काढला, पागोटं काढलं, आणि ठकूबाईला म्हणाला, मला खाली सोडा. आत जाऊन त्याने अंधारात एकेक धिरा हाताने हलवून बघितला, अगदी शेवटपर्यंत. वर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती.

“धिरा आहे,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे ठकूबाईने खणणाऱ्याला खाली सोडलं.

नगरात पाणी यायला आणखी दोन वर्षं लागली. उशीर झाला, लोक कुरकुरले. पण त्या दोन वर्षांत सकाळच्या चालीत एकही नवं नाव वाढलं नाही.

म्हणून सांगतो, लहान असा की मोठे: गेलेल्या माणसाची खरी आठवण एकच, तो ज्याने गेला त्याने दुसरं कोणी जाऊ नये.